मोडक्या शेपटीचा मासा

आमच्या बोरिवलीच्या घरात स्वयंपाकघराच्या दारामागे एक खिळा आहे. त्यावर आईची माशांची पिशवी असायची. वडिलांच्या जुन्या खाकी पँटची शिवलेली, आतून प्लास्टिकचं अस्तर, आणि कितीही धुतली तरी वास न सोडणारी. पाच वर्षं ती त्या खिळ्यावरून खाली उतरली नव्हती. ती उतरावी म्हणून आम्हाला ग्रीसला जावं लागलं असं मी सांगते तेव्हा लोक हसतात. ऐकणारी मी असते तर मीही हसले असते.

आई मालवणकडची. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर आम्ही आधी दहिसरला चाळीत आणि मग वडिलांना दुसरी नोकरी लागून चार पैसे गाठीला आल्यावर बोरिवलीला या फ्लॅटमध्ये आलो. वडील गेले, भाऊ लग्न करून मुलुंडला गेला, आणि घरात उरलो आई आणि मी. मी लग्न केलं नाही. त्याबद्दल कुणाला काही म्हणायचं असेल तर ते त्यांनी तीस वर्षांपूर्वीच म्हणून घेतलेलं आहे.

घरात मी मोठी अधिकारी होते, पण मासळी बाजारात माझी किंमत शून्य होती. तिथे आईचं राज्य. ती ओट्यापुढे उभी राहिली की गोराईहून आलेल्या कोळणीसुद्धा जरा सावरून बसायच्या. ती आधी भाव विचारायचीच नाही. मासा उचलायची, कल्ले वर करून आतला रंग बघायची, पोटावर बोट दाबायची आणि मग मासा खाली ठेवून दुसरीकडे बघत उभी राहायची. भाव मग समोरूनच खाली यायचा. मी पिशवी धरून मागे उभी असायचे, आणि शरमेने मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

तिची आणखी एक खोड होती. मोठा मासा घेतला की तो कापायला पलीकडच्या बाईकडे द्यावा लागतो. तिच्यापुढे दहा गिऱ्हाइकांचे मासे एकत्र पडलेले असतात. तिथे आपला ताजा मासा जाऊन दुसऱ्याचा शिळा आपल्या पिशवीत येऊ शकतो, हे आईचं ठाम मत. म्हणून ती मासा हातातून सोडण्याआधी त्याच्या शेपटीचं खालचं टोक चिमटीत धरून मोडायची. पिशवीत पडताना ती मोडकी शेपटी दिसली की मान हलवायची. बाजारातल्या बाया तिला चिडवायच्या, मावशी, तुझ्या हातून एक मासा धड शेपटीने जात नाही. आई म्हणायची, माणसावर विश्वास ठेवावा, पण माशाला खूण करावी.

तर अशी ही बाई पाच वर्षांपूर्वी फसली.

दुपारी बाजारातून परतताना तिला दोघा साध्या कपड्यांतल्या माणसांनी थांबवलं. आम्ही पोलीस आहोत, पुढच्या गल्लीत आत्ताच एका म्हातारीला लुटलंय, दागिने काढून कागदात बांधून ठेवा, असं सांगितलं. ही युक्ती मुंबईत इतकी जुनी आहे की पाट्या लावून झाल्यात. आईलाही ती ठाऊक होती. म्हणून तिने त्यांना थांबायला सांगितलं आणि मला फोन लावला.

मी विम्याच्या ऑफिसात क्लेम तपासते. खोटं शोधून काढायचा मला पगार मिळतो. त्या वेळी मी मीटिंगमध्ये होते. फोन कानाला लावला, आई काहीतरी पोलीस, पाटल्या, काढू का असं म्हणत होती. माझं लक्ष समोरच्या फाइलमध्ये होतं. मी म्हटलं, "हो गं, ते सांगतात तसं कर ना," आणि फोन ठेवला.

त्यांनी पुडी बांधून तिच्याच माशांच्या पिशवीत टाकली. घरी येऊन तिने ती उघडली तर आत फरशीचे दोन तुकडे निघाले.

भाऊ मुलुंडहून धावत आला आणि तिला खूप बोलला. इतकी वर्षं मुंबईत काढलीस, शेंबडं पोर फसणार नाही असल्या गोष्टीला, वगैरे. आईने एका शब्दानेही फोनचं सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. मी शेजारी उभी राहून भावाला नुसतं, जाऊ दे रे, म्हणत होते. त्या 'जाऊ दे'ची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी आईने पिशवी धुऊन खिळ्याला लावली, ती लावलीच. आम्हीही, म्हणजे मी आणि भावाने, तिला जपायला सुरुवात केली. जपणं म्हणजे काय, तर एकेक गोष्ट तिच्या हातून काढून घेणं. बँकेचं काम माझ्याकडे आलं. अनोळखी नंबर उचलायचा नाही असं ठरलं. मासे मोबाइलवरून मागवायचे, ते साफ करून, पारदर्शक डब्यात, बर्फावर येतात. आई डबा उघडायची, तुकड्यांकडे बघायची आणि गप्प फोडणीला लागायची. तुकड्याला ना कल्ले असतात, ना डोळे, ना शेपटी. त्यात तिने बघायचं तरी काय? मी दोनचारदा म्हटलं, चल आज बाजारात जाऊ. ती म्हणायची, नको, आता माझं डोकं चालत नाही. हे ऐकलं की मी कपाट आवरायला लागायचे.

ग्रीसचं खूळ माझं. एका वर्षी घरात एक कॅलेंडर आलं होतं, त्यावर निळ्या समुद्राकाठी पांढरी घरं. वर्ष संपल्यावरही मी ते काढलं नाही. पन्नाशी उलटली तेव्हा म्हटलं, आता गेले नाही तर गुडघे जाऊ देणार नाहीत. टूर कंपनीबरोबर नको, झेंड्यामागून पळायचं वय नाही. आईला विचारलं, येतेस का? तिने फक्त एक प्रश्न विचारला, "थंय मासे गावतत काय?" मिळतात म्हटल्यावर ती पासपोर्टच्या फोटोला उभी राहिली.

जायच्या आधी दोन महिने मी एकच अभ्यास केला, परदेशात प्रवाशांना कसं फसवतात याचा. रात्रंदिवस व्हिडिओ बघितले. वही केली. मनगटात फुकट दोरा बांधून मग पैसे मागणारे, हातात गुलाब कोंबणारे, सही घेण्याच्या निमित्ताने पर्स उघडणारे, टॅक्सीचं मीटर बिघडलंय म्हणणारे, आज देवळं बंद आहेत म्हणून आपल्या दुकानात नेणारे. दुधाने तोंड पोळलं होतं ना, मग मी ताकच काय, पाणीसुद्धा फुंकून प्यायला तयार होते. रोज जेवताना आईची उजळणी घ्यायचे. ती बिचारी शाळेतल्या मुलीसारखी उत्तरं द्यायची.

या सगळ्यात माझा लाडका नियम तिसरा होता. इंग्रजी येत नाही म्हणून घाबरायचं नाही. कुणी काहीही देऊ केलं, विचारलं, की मराठीत ठणकावून नाही म्हणायचं. सूर कळतो माणसाला, भाषा कळायची गरज नसते. हे मी इतक्या ऐटीत सांगितलं की माझं मलाच पटलं.

आता आईचं 'नाही' कसं आहे ते सांगायला हवं. मूळ मालवणी 'नाय'. मुंबईत राहून त्याचं झालं 'नै'. आणि घाई झाली की त्याचं होतं 'ने, ने, ने', एका दमात तीनदा.

अथेन्सला उतरलो आणि पहिल्या दिवसापासून वाट लागली. चौकात एका माणसाने आईपुढे रंगीत दोरा धरला. आईने नियमाप्रमाणे मान ताठ करून सांगितलं, ने, ने, ने. त्याने हसून दोरा बांधला. देवळातला दोरा असल्यासारखा तिचा हात पुढे गेला होता असं मला वाटलं आणि मी तिथेच चिडले. पैसे देऊन सुटका करून घेतली. संध्याकाळी गुलाबवाली आली. ने, ने. गुलाब आईच्या मांडीवर. जेवायला बसलो तर वेटरने पाव हवा का विचारलं, ने, पाव आला. ऑलिव्ह हवेत का, ने, ऑलिव्ह आले. कसलंसं पांढरं चीज आलं. टेबलावर जागा उरली नाही. आई त्या वाढत्या ताटल्यांकडे अशी बघत होती, जणू नको म्हणेल तसं लग्नघरचे वाढपी आग्रह करताहेत.

तिसऱ्या दिवशी तिच्या मनगटात दुसरा दोरा आला, तेव्हा माझा तोल गेला. भर रस्त्यात मी तिला बोलले. म्हटलं, तुला एक साधं नाही म्हणता येत नाही का गं? समोरचा हसला की तू विरघळतेस. म्हणून तर तेव्हाही तसं झालं.

हे शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि परत घेता येईना. आईने माझ्याकडे बघितलं. ती फक्त म्हणाली, "मी नायच म्हणत होतंय गो." मग दोन्ही दोरे पदराखाली झाकून माझ्यामागून चालायला लागली. त्यानंतर दोन दिवस ती बाहेर कुणाशीच बोलली नाही. कुणी जवळ आलं की माझ्यामागे सरकायची. मी आपली पुढे झेंड्याशिवाय झेंडेवाली.

माझंही ऐका. त्याच दोन दिवसांत एका सकाळी मी प्राचीन अवशेष बघायला निघाले. कोपऱ्यावर एक स्वच्छ कपड्यांतला, चष्मा लावलेला, प्राध्यापक वाटावा असा गृहस्थ भेटला. आज ते बंद आहेत, संप आहे, असं त्याने हळहळत सांगितलं. बरं झालं तुम्ही मला भेटलात, जवळच एक जुनी कार्यशाळा आहे. अर्ध्या तासाने मी त्याच्या मेव्हण्याच्या दुकानातून साबणाच्या सहा वड्या घेऊन बाहेर पडले. बाहेर पडून बघते तर समोरच्या टेकडीवर माणसांची ही रांग. संप नाही, काही नाही. माझ्या वहीत हा नियम चौथा होता आणि खाली दोनदा रेघ मारलेली होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. खोलीवर परतले तेव्हा आईने साबणांकडे बघितलं, वास घेतला, चांगला आहे म्हणाली. तेवढंच. मला एक शब्द बोलली नाही. ती बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

उलगडा झाला तो न्याहारीच्या टेबलावर. आम्ही उतरलो होतो ती जागा एक साठीची बाई चालवत होती. रोज सकाळी ती स्वतः चहा-कॉफी वाढायची. त्या दिवशी मला बाजूला घेऊन तिने मोडक्या इंग्रजीत विचारलं की तुमच्या आईंना माझा चहा आवडत नाही का? रोज त्यांचा पहिला कप लगेच संपतो. मी आणखी देऊ का विचारते तर त्या हसतात आणि नको म्हणतात. आणि लोणी नकोसं दिसतं, पण विचारलं तर हो म्हणतात आणि मग खात नाहीत.

मी म्हटलं, आई नको म्हणत नाही, होय म्हणते. बाईने डोळे मोठे केले. "ओही?" तिने विचारलं. आमच्यात ओही म्हणजे नाही, ती म्हणाली. मग मला अंधुक शंका आली. मी विचारलं, आणि 'हो'ला तुमच्यात काय म्हणतात? ती म्हणाली, "ने."

मी खुर्चीवर बसलेच. तीन दिवस माझी आई अख्ख्या अथेन्सला स्पष्ट, ठणकावून, माझ्या तिसऱ्या नियमाप्रमाणे नाही म्हणत होती, आणि अख्खं अथेन्स ते हो ऐकत होतं. चहा हवाय म्हणून होय म्हणत होती, तर ते 'ओही' ऐकून किटली उचलून नेत होते. आणि पाच दिवस एकेका कपावर राहून तिने कुरकूर केली नव्हती, कारण तिला वाटलं इथली रीतच तशी असेल.

मी आईला सांगितलं तेव्हा तिने हातातला कप खाली ठेवला. मग तिचे खांदे हलायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसली. वडील गेल्यापासून ती इतकी हसलेली मला आठवत नाही. घरवाली बाईही हसली आणि तिने अख्खी किटली आईपुढे ठेवून दिली. मी हसले, पण मला रडूही येत होतं. तिने नाही म्हटलं होतं. चूक तिची नव्हती, ऐकणाऱ्याची होती. आणि ऐकणाऱ्याची चूक म्हणजे काय, हे त्या टेबलावर माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

त्या दिवशी आई दिवसभर तो शब्द तोंडात घोळवत होती. ओही. रस्त्यावर दोरेवाला दिसला की मुद्दाम त्याच्या बाजूने जायची, तो पुढे आला की म्हणायची, ओही, आणि माझ्याकडे बघायची. दोरेवाले बाजूला व्हायचे. तिला ते फार आवडलं.

मग आला तो बेटावरचा दिवस. सकाळच्या बोटीने आम्ही जवळच्या एका बेटावर गेलो. माझ्या कॅलेंडरमधली घरं एकदाची समोर आली, आणि खरं सांगायचं तर कॅलेंडरमध्ये ती जास्त पांढरी होती. आईला घरांशी कर्तव्य नव्हतं. बंदरात होड्या, जाळी आणि मांजरं बघून तिची चाल बदलली. एका हॉटेलच्या दारात बर्फावर मासे मांडलेले होते. हॉटेलवाला लाघवी होता. या, बघा, आज सकाळचे आहेत, तुम्ही निवडा, आम्ही वजन करून भाजून देतो.

आईने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बघ ना.

पाच वर्षांनी मी तिला मासा उचलताना बघितलं. तिने एक बाजूला सारला, दुसरा सारला. तिसऱ्याचे कल्ले उघडले. तांबोशीच्या जातीचा वाटावा असा गुलाबी झाक असलेला मासा होता, नाव तिला माहीत नव्हतं आणि मलाही नाही. पण कल्ले लालभडक होते आणि डोळा भरलेला. पोटावर बोट दाबून तिने मान हलवली. हॉटेलवाला कौतुकाने बघत होता. त्याने मासा वजनाला टाकला, भाव सांगितला. जबरदस्त होता, पण मी मनाची तयारी करून आले होते. मासा परत देताना आईने अगदी सहज, सवयीने, त्याच्या शेपटीचं खालचं टोक मोडलं. मी पाहिलं. हॉटेलवाल्याने पाहिलं नाही, तो माझ्याशी बोलत होता.

आम्ही पाण्याकडेच्या टेबलावर बसलो. ऑलिव्ह? ओही. चीज? ओही. पाव? आईने थोडा विचार केला आणि म्हणाली, ने. मासा आला. लिंबू, वर हिरवा पाला, खमंग वास. मी काटा उचलला तर आईने माझ्या मनगटावर हात ठेवला. ताटली थोडी फिरवली. माशाची शेपटी जरा करपलेली होती, पण दोन्ही टोकं शाबूत होती.

"ह्यो माझो मासो न्हय," आई म्हणाली.

माझी पहिली प्रतिक्रिया काय झाली ते सांगते, कारण खोटं कशाला सांगू. मी म्हटलं, आई, खा ना आता, उगाच तमाशा नको. तीच मासळी बाजारातली, पिशवी धरून शरमणारी मी. मग मीच माझं बोलणं ऐकलं. पुन्हा एकदा ती सांगत होती आणि माझं लक्ष दुसरीकडे होतं. मी काटा खाली ठेवला आणि म्हटलं, सॉरी. तुझा नाही म्हणतेस तर नाही. बोल काय करायचं.

तिला काही करायला माझी गरज नव्हती. ती उठली, पदर खोचला, सरळ दाराशी बर्फापाशी गेली. चार मासे वरखाली केले आणि त्यांच्याखालून मोडक्या शेपटीचा मासा बाहेर काढला. कल्ल्यांत बोट घालून, लटकवत, ती तो घेऊन आली आणि भाजलेल्या माशाशेजारी, टेबलावरच्या कागदावर ठेवला. हॉटेलवाला मागोमाग आला. त्याने तोंड उघडलं, काही सांगणार होता. आईने मोडक्या टोकाकडे बोट दाखवलं, मग ताटलीतल्या शाबूत शेपटीकडे दाखवलं, आणि त्याच्याकडे बघत म्हणाली, "ओही."

आजूबाजूची दोन टेबलं खायची थांबली होती. हॉटेलवाल्याने दोन्ही शेपट्या बघितल्या. त्याच्या चेहऱ्यावरून एकामागून एक चार बहाणे जाताना मला दिसले, क्लेमच्या कामात ते मी रोज बघते. शेवटी त्याने एकही वापरला नाही. त्याने दोन्ही हात वर केले, ताटली उचलली, मासा उचलला आणि आत गेला. जाताना आईला काहीतरी म्हणाला. त्याचा अर्थ मला कळला नाही, पण सूर मात्र गोराईच्या कोळणींचा होता. सुराबद्दल तरी मी खरं सांगितलं होतं म्हणायचं.

दुसऱ्यांदा आलेल्या माशाची शेपटी मोडकी होती. मांस पांढरं, काट्यावरून सुटून येत होतं. आईने पर्समधून मालवणी मसाल्याची छोटी पुडी काढली आणि दोघींच्या ताटलीत भुरभुरली. आम्ही काटे चोखून खाल्ले. मांजरांना काही उरलं नाही.

परतीच्या बोटीला वेळ होता. धक्क्यावर एका बाकावर आम्ही बसलो. ऊन उबदार होतं. आई समुद्राकडे बघत होती आणि मनगटातल्या दोऱ्यांशी खेळत होती. माझ्या मनात पाच वर्षं अडकलेलं मी तेव्हा बोलले. म्हटलं, त्या दिवशी तू फोन केलास तेव्हा मी हो म्हटलं होतं. मी ऐकलंच नव्हतं. आणि भाऊ तुला बोलत होता तेव्हाही मी गप्प बसले.

आईचं बोट दोऱ्याच्या गाठीवर थांबलं. मग म्हणाली, "तू कामात होतीस, ता माका म्हायत होता. तेचो राग नाय. पाटल्यो माझ्यो, हात माझे, आणि मी तुका इचारलंय. ह्याचाच माका वायट वाटता."

मी इतकी वर्षं समजत होते की तिचा विश्वास लोकांवरून उडाला. तो स्वतःवरून उडाला होता, आणि आम्ही जपण्याच्या नावाखाली रोज थोडा थोडा उडवत होतो. मी तिचा हात धरला. तिने धरू दिला, मग म्हणाली की तो आधीचा मासा बर्फातला जुना होता, वासावरूनच कळलं होतं, शेपटी नंतर बघितली. हे सांगताना ती खूश होती.

बोरिवलीला परतल्यावर पहिल्याच दिवशी मी भावाला फोन करून सगळं सांगितलं, त्या वेळच्या माझ्या 'हो'सकट. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, यार ताई, हे तेव्हाच सांगायचं ना. त्याचं बरोबर होतं. वरातीमागून घोडं, पण निदान आलं.

आईला मात्र मी बाजारात चल असं म्हटलं नाही. मोबाइलवरचं मासेवालं अ‍ॅप काढून टाकलं आणि वाट बघत बसले. आठ दिवस आम्ही अंडी आणि वालाची उसळ खाल्ली. पिशवी खिळ्यावरच होती.

नवव्या दिवशी, भर मीटिंगमध्ये, फोन वाजला. आईचा होता. एका मोठ्या क्लेमवर चर्चा चालली होती आणि साहेब माझ्याकडेच बघत होते. मी एक मिनिट म्हणून उठले, बाहेर कॉरिडॉरमध्ये आले, दार लावून घेतलं आणि म्हटलं, बोल आई, ऐकतेय.

मागे बाजाराचा गलका होता. कोयते आपटत होते. कुणीतरी कोळीण ओरडून विचारत होती की मावशी मेलीस का काय, इतकी वर्षं होतीस कुठे. आई तिला, थांब गो, म्हणाली आणि मग मला म्हणाली, "इचारूक नाय फोन केलंय. सांगूक केलंय. सरंगा घेतलंय."

आणि तिने फोन ठेवला. आत सगळे खोळंबले होते, तरी मी जरा वेळ तिथेच उभी राहिले.

संध्याकाळी घरी आले तेव्हा जिन्यातच तळणाचा वास येत होता. दारामागचा खिळा रिकामा होता. पिशवी धुऊन, उलटी करून, गॅलरीत दोरीवर वाळत घातली होती, आणि तिच्यातून अजून पाणी ठिबकत होतं.